मृगाच्या तोंडावर बँकेची रोकड

बँक बंद पडते ती तोट्यात गेल्यामुळेच, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तोटा पुष्कळदा नंतर उघडकीला येतो. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पैसा देता आला नाही, की बँक त्याच दिवशी अडचणीत आलेली असते, मग ताळेबंदात नफा दिसत असला तरी. बँकेच्या धंद्यातच हा धोका आहे. लोकांकडून ती पैसा घेते तो मागताक्षणी किंवा वर्ष-दोन वर्षांनी परत करण्याच्या बोलीवर, आणि कर्जाऊ देते तो पाच, सात, कधी पंधरा वर्षांसाठी. ठेवीदार एकदम येणार नाहीत या हिशेबावर सगळा व्यवहार उभा असतो. तरीही ते आलेच तर काही दिवस निभावता येईल एवढा पैसा हाताशी असणे म्हणजे तरलता. हा पैसा फुकट मिळत नाही. त्यावर ठेवीदाराला व्याज द्यावे लागते आणि तो कर्जाऊ न दिल्याने त्यातून कमाई थोडी होते किंवा होतच नाही. म्हणून बँका तक्रार करतात, की रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आमचा निधी महाग पडतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव याच्या उलट सांगतो, असे माझे म्हणणे आहे. हाताशी पैसा ठेवल्याने निधी जेवढा महाग होतो, त्याच्या कितीतरी पट महाग तो हाताशी पैसा न ठेवल्याने होतो.

हे दोन जिल्हे निवडण्याचे कारण त्यांच्या पैशाच्या हालचालीत आहे. मुंबईच्या एखाद्या शाखेत रोज काही लोक पैसे भरतात, काही काढतात, आणि दिवसाअखेरीस फरक थोडा उरतो. मोंढ्यावर चालणाऱ्या गावात तसे होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन येते, पुढे कापूस, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, मग हरभरा, आणि साखर कारखाना चालू असेल तर उसाची बिले. या चार-पाच महिन्यांत आडतीवरची पट्टी खात्यात जमा होते आणि बँकेत पैसा तुंबतो. एप्रिलनंतर वारे फिरते. लग्नसराई, मुलांचे प्रवेश, लातूरला शिकवणीला ठेवलेल्या पोराची फी, आणि मृगाच्या तोंडावर बी-बियाणे व खत. बचत खाती याच दिवसांत आटतात, आणि नेमके याच दिवसांत बँकेने खरिपाचे पीककर्ज वाटायचे असते. म्हणजे ठेव बाहेर जाण्याची वेळ आणि कर्ज बाहेर जाण्याची वेळ एकच. शिवाय पाऊस फसला तर तो एका शेतकऱ्याचा फसत नाही, सगळ्या तालुक्याचा फसतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या वर्षी शेतकऱ्याच्या खात्यावर शिल्लक राहण्याचे कारण नव्हते, कर्जाची वसुली होण्याचेही नव्हते. ठेवीदार पुष्कळ असले की धोका विखुरतो, हे गृहीतक इथे लंगडे पडते. हजारो ठेवीदार एकाच ढगाकडे बघत असतील, तर बँकेच्या दृष्टीने तो एकच मोठा ठेवीदार असतो.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेला नेमके हेच भोवले. तिचे ठेवीदार होते तंत्रज्ञानातल्या नव्या कंपन्या, एकमेकांना ओळखणाऱ्या आणि त्याच त्या मोजक्या गुंतवणूकदारांचे ऐकणाऱ्या. 9 मार्च 2023 या एका दिवसात त्यांनी 42 अब्ज डॉलर काढायला मागितले. बँकेकडे सरकारी रोखे होते, पण लांब मुदतीचे, आणि व्याजदर वाढल्यामुळे त्यांची किंमत उतरलेली. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. सोयाबीनवाले आणि संगणकवाले यांच्यात दुसरे साम्य शोधायला जाऊ नये, पण सगळे एकाच दिशेने धावण्याच्या बाबतीत ते भाऊबंद आहेत.

आता नियम काय मागतात ते पाहू. प्रत्येक बँकेने आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवायचा असतो, हे रोख राखीव प्रमाण. ते बरीच वर्षे 4 टक्क्यांच्या आसपास होते आणि 2025 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये टप्प्याटप्प्याने 3 टक्क्यांवर आले. दुसरा हिस्सा सरकारी रोखे, रोकड किंवा सोने अशा रूपात स्वतःजवळ ठेवायचा, हे वैधानिक तरलता प्रमाण. ते 2020 पासून 18 टक्के आहे. 2008 च्या जागतिक पडझडीनंतर बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम सुचवणाऱ्या बाझेलच्या समितीने यात तिसरी अट घातली. तीस दिवस संकट चालले तर जेवढा पैसा बाहेर जाईल, तेवढ्या किमतीची चटकन विकता येणारी मालमत्ता बँकेकडे असलीच पाहिजे. भारतात ही अट जानेवारी 2015 मध्ये 60 टक्क्यांपासून सुरू होऊन 1 जानेवारी 2019 ला पूर्ण 100 टक्क्यांवर गेली. कोविडच्या काळात ती काही महिने 80 टक्क्यांवर आणली होती. लांब मुदतीच्या कर्जामागे लांब मुदतीचाच निधी असावा ही चौथी अट ऑक्टोबर 2021 पासून लागू झाली. शेवटच्या दोन अटी स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र अशा व्यापारी बँकांना आहेत. ग्रामीण बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि नागरी सहकारी बँका त्यातून बाहेर आहेत, आणि नांदेड-लातूरच्या खेड्यातला माणूस बहुतेक वेळा याच बँकांच्या दारात उभा असतो. त्यांच्यासाठी पहिली दोन प्रमाणे हेच मुख्य कुंपण.

या कुंपणाचा खर्च किती, हे मोजता येते. समजा एका सहकारी बँकेकडे शंभर रुपयांच्या ठेवी आहेत. त्यांपैकी 30 रुपये बचत खात्यात 3 टक्क्यांनी, आणि 70 रुपये मुदत ठेवीत साडेसात टक्क्यांनी. वर्षाचे व्याज झाले 6 रुपये 15 पैसे. कोणतेही राखीव प्रमाण नसते, तर कर्जावर 6.15 टक्के मिळाल्यावर व्याजापुरता हिशेब बरोबरीत आला असता. आता 3 रुपये बिनव्याजी ठेवा, 18 रुपये साडेसहा टक्के देणाऱ्या सरकारी रोख्यांत ठेवा. रोख्यांतून 1 रुपया 17 पैसे आले. उरलेले 4 रुपये 98 पैसे 79 रुपयांच्या कर्जातून काढायचे, म्हणजे दर हवा 6.30 टक्के. फरक पडला पंधरा पैशांचा. बँकेचा व्यवस्थापक म्हणेल, हा हिशेब अर्धवट आहे, तेच 21 रुपये आम्ही 10 टक्क्यांनी कर्जाऊ दिले असते. बरे, तसे मोजू. मग बुडालेले उत्पन्न 93 पैसे होते. त्यातून थकणाऱ्या कर्जाची तरतूद आणि वसुलीचा खर्च वजा करायला हवा, पण तोही सोडून देऊ.

आता दुसरी बाजू. या बँकेविषयी गावात कुजबुज सुरू झाली, की ‘तिथे पैसे मागितले तर उद्या या म्हणतात.’ ठेवी टिकवायला बँक मुदत ठेवीवर एक टक्का जास्त देते. बचत खात्यातला निम्मा पैसा निघून जातो आणि त्याची भर साडेआठ टक्क्यांच्या ठेवींनी करावी लागते. नवे व्याज झाले 7 रुपये 67 पैसे, म्हणजे आधीपेक्षा दीड रुपयाहून जास्त. राखीव प्रमाणे तीच धरली तर कर्जाचा दर आता सव्वाआठ टक्क्यांच्या घरात न्यावा लागतो. अविश्वासाने दर जवळजवळ दोन टक्क्यांनी चढला, आणि नियमाने चढला होता पंधरा पैशांनी. यातले आकडे मी सोयीसाठी गृहीत धरले आहेत, वाचकाने ते बदलून पाहावेत. निष्कर्ष उलटवण्यासाठी त्यांना बराच ताण द्यावा लागेल.

बँकांची तक्रार कधीच खरी नव्हती असे मात्र नाही. 1990 च्या सुमारास वैधानिक तरलता प्रमाण साडेअडतीस टक्के होते आणि रोख राखीव प्रमाण 15 टक्के. शंभरातले साडेत्रेपन्न रुपये सरकारच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या दारात. वरच्याच दरांनी हिशेब केला, तर कर्जाचा बरोबरीचा दर 6.15 वरून 7.84 वर जातो. एवढा मोठा हिस्सा ठेवीदाराच्या सुरक्षेसाठी लागत नव्हता, सरकारची तूट भागवण्यासाठी लागत होता. 1991 च्या नरसिंहम समितीने हे स्पष्टपणे मांडले आणि दोन्ही प्रमाणे उतरवत नेण्याची शिफारस केली. त्या काळातला युक्तिवाद आजच्या 21 टक्क्यांना जसाच्या तसा लावणे मात्र आळशीपणाचे आहे.

हिशेबापुरते बोलून भागणार नाही, पुरावा पाहू. लातूर हा 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. दोन्हीकडे पाऊस तसाच बेभरवशाचा, सोयाबीन-तूर तीच, कारखानदारीही तशीच. तरी आज लातूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे नाव राज्यातल्या सुस्थितीतल्या जिल्हा बँकांमध्ये घेतले जाते, आणि उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची जिल्हा बँक दोन दशके अडचणीतून मान वर काढू शकलेली नाही. तिच्या दुखण्याची एक तारीख सांगता येते. 2002 मध्ये होम ट्रेड या दलाली कंपनीचा गैरव्यवहार बाहेर आला. नागपूर, वर्धा, उस्मानाबाद अशा जिल्हा बँकांनी तिच्यामार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले होते. नागपूरचे शंभर कोटींहून अधिक, उस्मानाबादचे सुमारे 30 कोटी. रोखे बँकांच्या ताब्यात आलेच नाहीत. कागदावर सर्वांत सुरक्षित आणि चटकन विकता येणारी मालमत्ता, आणि प्रत्यक्षात दलालाच्या आश्वासनाचा एक कागद. नागपूर प्रकरणात न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली ती डिसेंबर 2023 मध्ये, एकवीस वर्षांनी.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो. जिल्हा बँकेच्या माणसांना रोखेबाजाराची ओळख नसताना नियमाने त्यांना तिकडे ढकलले, म्हणूनच हे घडले, तेव्हा दोष नियमाचाच नव्हे का? यात तथ्य आहे. मुंबईतल्या दलालाशी फोनवर कोट्यवधींचा सौदा करणे आणि गटसचिवाकडून वसुली करून घेणे ही दोन निराळी कामे आहेत. पण या बँका रोख्यांकडे गेल्या त्या केवळ नियमाच्या सक्तीने नव्हे. व्याजदर उतरत असताना रोख्यांच्या खरेदी-विक्रीत नफा दिसत होता. शिवाय रोखे प्रत्यक्ष हाती आल्यावरच पैसे देणे ही साधी खबरदारी घेतली असती, तर रोख्यांचा भाव पडला असता तरी मुद्दल गायब झाले नसते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांचे रोखे कागदावर ठेवू न देता खात्यावरच नोंदवण्याची सक्ती केली. म्हणजे नियमातले भगदाड बुजवावे लागले, नियम रद्द करावा लागला नाही.

दुसरा आक्षेप लातूरच्या बाजूने. लातूरची बँक टिकली ती तरलतेच्या शिस्तीमुळे नव्हे, तर मांजरा साखर कारखान्यासारख्या मोठ्या कर्जदारांनी पैसे फेडले म्हणून, असे कोणी म्हणेल. उस्मानाबादेत ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी हे कारखाने बंद पडले आणि जिल्हा बँकेची थकबाकी त्यांच्यात रुतून बसली. हे मला मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला ते बाधक नाही. वेळेवर होणारी वसुली ही तरलतेची पहिली पायरी आहे, राखीव रोखे ही दुसरी. एका-दोन कारखान्यांना दिलेले कर्ज थकले की बँकेचा पैसा बुडायच्या आधी अडकतो, आणि अडकलेल्या पैशावर ठेवीदाराचे व्याज चालूच राहते. राजकारण आणि कारखानदारी ज्या जिल्ह्यात एका हातात असतात तिथे हे दोन्ही दिशांनी घडू शकते. लातूरला ते चांगल्या दिशेने घडले. एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी फक्त नेतृत्वाच्या भलेपणावर विसंबावे लागणे मला धोक्याचे वाटते.

नांदेडचा अनुभव आणखी एक गोष्ट दाखवतो, ती म्हणजे अडचण एका बँकेपुरती राहत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात नांदेड जिल्हा मध्यवर्ती बँक संकटात सापडली आणि लोकांना आपलेच पैसे मिळणे मुश्किल झाले. जिल्हा बँकेत फक्त शेतकऱ्याची ठेव नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 70 प्रमाणे सहकारी संस्थांनी आपला निधी कुठे ठेवावा हे ठरलेले आहे, आणि त्यात जिल्हा मध्यवर्ती बँकेचे स्थान पहिले. म्हणून गावची विविध कार्यकारी सोसायटी, पगारदारांची पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांचा राखीव पैसा तिथेच. ती बँक अडली की पतसंस्थेची रोकड त्याच क्षणी कागद बनते, आणि पतसंस्थेच्या दारात रांग लागते, तिने स्वतः काही चूक केलेली नसताना. मार्च 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक कोसळली तेव्हा गुजरातेतल्या अनेक नागरी बँकांच्या तिथे ठेवलेल्या ठेवी अशाच अडकल्या होत्या. त्या धड्यानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांना दुसऱ्या सहकारी बँकेतली ठेव राखीव म्हणून दाखवण्याची मुभा हळूहळू काढून घेतली. जिल्हा बँकांच्या बाबतीत हा बदल 2014-15 मध्ये पुरा झाला. राज्य सहकारी बँकेत ठेव ठेवणे सोपे होते, व्याजही बरे मिळे, त्यामुळे जिल्हा बँकांची नाराजी स्वाभाविक होती. पण तरलता एकाच साखळीतल्या दुसऱ्या कडीकडे ठेवणे म्हणजे ती नसण्यासारखेच.

आतापर्यंत दोष बँकांचा होता. सरकारच्या निर्णयांनी अडकलेला पैसाही मोजायला हवा, नाहीतर हे प्रकरण एकतर्फी होईल. दुष्काळ जाहीर झाला, पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली, की पीककर्जाचे पुनर्गठन होते. नुकसान निम्म्याहून अधिक असेल तर एका हंगामाचे कर्ज पाच वर्षांपर्यंत लांबवता येते. शेतकऱ्यासाठी हे आवश्यकच आहे. पण बँकेच्या बाजूने पाहा. मार्चमध्ये परत येणारा पैसा एका आदेशाने पाच वर्षांवर गेला आणि ज्या ठेवीतून तो दिला ती मात्र ठरल्या दिवशीच परत करायची आहे. कर्जमाफीचेही तसेच. 2008, 2017 आणि 2019 या तिन्ही वेळा पैसा शेवटी सरकारकडून आला. पण घोषणेची हवा तयार झाल्यापासून रक्कम जमा होईपर्यंतच्या काळात वसुली थंडावते, कारण माफ होणारे कर्ज आज भरणे कोणालाही शहाणपणाचे वाटत नाही. आणि मार्चअखेरचे ‘नवे-जुने’ तर सगळ्यांना ठाऊक आहे. जुने कर्ज 31 मार्चला भरल्याचे दाखवायचे, चार दिवसांनी तेवढेच नवे उचलायचे. वसुलीच्या तक्त्यात शंभर टक्के, तिजोरीत काहीच नाही. नोटाबंदीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे. नोव्हेंबर 2016 मध्ये, सोयाबीनचा पैसा फिरण्याच्या ऐन दिवसांत, 14 तारखेला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. त्याआधीच्या चार-पाच दिवसांत स्वीकारलेल्या नोटा त्यांच्या तिजोऱ्यांत पडून राहिल्या आणि त्या रिझर्व्ह बँकेत भरण्याची परवानगी आली जून 2017 मध्ये. रोख रकमेहून तरल काही नसते असे आपण मानतो. त्या सात महिन्यांत ती सर्वांत अडकलेली मालमत्ता होती, आणि तिच्यावरच्या ठेवींचे व्याज बँका देत होत्या. म्हणून जिल्हा बँकांना शिस्तीचा उपदेश करणाऱ्या सरकारने पुनर्गठनाच्या आदेशासोबत तेवढ्या रकमेचे नाबार्डचे पुनर्वित्त त्याच आठवड्यात दिले पाहिजे. आदेश आज आणि निधी पुढच्या वर्षी, हा शेतकऱ्याचा दिलासा ठेवीदाराच्या खर्चाने दिल्यासारखा होतो.

कुंपणच नसलेल्या ठिकाणी काय होते, हे मराठवाड्याने नुकतेच पाहिले. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेने मराठवाडाभर शाखा काढून 12 टक्के आणि त्याहून जास्त व्याजाने ठेवी गोळा केल्या. ती बँक नव्हती. बहुराज्यीय सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेली, रिझर्व्ह बँकेच्या राखीव प्रमाणांबाहेरची, ठेव विम्याबाहेरची संस्था. ऑक्टोबर 2023 मध्ये संस्थेच्या प्रमुखांच्या उद्योगसमूहावर आयकर खात्याने छापे घातले, ठेवीदार धावले आणि पैसे देणे थांबले. पैसा कुठे वळवला याबद्दलचे आरोप न्यायालयात ठरतील. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की नियमांचा ‘खर्च’ नसलेल्या या संस्थेला ठेव स्वस्त पडली नाही, सगळ्यांत महाग पडली. बारा टक्के देणाऱ्याने कर्जावर किमान पंधरा-सोळा मिळवायला हवेत, आणि तेवढे व्याज देऊन प्रामाणिकपणे फेडू शकेल असा धंदा कोरडवाहू मुलखात किती जणांचा असतो?

विमा आहेच, मग राखीव प्रमाणांचा एवढा आग्रह कशाला, असेही विचारले जाते. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली, ही मोठी सुधारणा. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी 2021 मध्ये रद्द झाला, तेव्हा 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. पण त्या बँकेवर निर्बंध आले होते 2017 मध्येच. मधली तीन वर्षे ठेव होती आणि नव्हतीही. 2021 च्या कायदादुरुस्तीने आता निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक केले आहे. नव्वद दिवस हा काळ मुंबईच्या कार्यालयातून छोटा दिसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पैसे अडकले तर ते सप्टेंबरमध्ये मिळतील, तोवर पेरणी, डवरणी आणि बहुतेक फवारण्या उरकलेल्या असतात. त्या नव्वद दिवसांसाठी शेतकरी खासगी सावकाराकडे ज्या दराने जातो, तो दर बँकेच्या नाही पण समाजाच्या निधीखर्चात धरलाच पाहिजे.

मराठवाड्यातला सर्वांत भावनिक आक्षेप अनुशेषाचा आहे. 1984 च्या दांडेकर समितीपासून आपण ऐकतो की इथला वाटा इथे मिळत नाही. मग इथल्या ठेवींतले 18 टक्के दिल्लीच्या सरकारला का द्यायचे? पण सरकारी रोख्यांत राज्य सरकारचे कर्जरोखेही धरले जातात, आणि राखीव प्रमाणे वजा जाता 79 रुपये कर्जासाठी मोकळेच असतात. एखाद्या शाखेत ते 79 रुपये गावात फिरत नसतील, तर त्याचे कारण शाखाधिकाऱ्याचे अधिकार, तारण, थकबाकीचा इतिहास आणि पतपुरवठा करण्याजोग्या धंद्यांची वानवा यांत शोधावे लागेल. 18 टक्के उद्या 10 केले तरी ते 8 रुपये अर्धापूरच्या केळीकडेच वळतील याची हमी कोण देणार?

नियमांत खरी उणीव आहे ती ऋतूंची. तीस दिवसांचे गणित एप्रिलच्या दहा तारखेला मांडले तर त्यात जून दिसतच नाही. एप्रिलमध्ये निवांत असलेली बँक मृगाला तंगीत येऊ शकते. शिवाय व्यापारी बँकांच्या सूत्रात किरकोळ ठेवींपैकी संकटात 5 ते 10 टक्केच बाहेर जातील असे धरले आहे, आणि एका जिल्ह्यापुरत्या शेतीनिष्ठ बँकेला हा अंदाज फार आशावादी ठरेल. मोबाइलवरून पैसे क्षणात हलतात म्हणून रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2026 पासून अशा ठेवींवर आणखी अडीच टक्के धरायला सांगितले आहे, तेही व्यापारी बँकांनाच. सहकारी बँकांची रोकड मात्र रात्रीतून हलू शकते हे नांदेडने आधीच अनुभवले आहे. जानेवारी 2021 मध्ये शंकर नागरी सहकारी बँकेचे दुसऱ्या बँकेतल्या खात्यावरचे 14 कोटींहून अधिक रुपये चोरट्यांनी परस्पर वळवले. माझ्या मते जिल्हा बँका आणि नागरी बँकांवर बाझेलचे संपूर्ण सूत्र लादू नये, तेवढी माणसे आणि संगणकप्रणाली त्यांच्याकडे नाहीत. पण मार्चमध्ये एक पत्रक सक्तीचे करावे, ज्यात मे ते जुलैचा जाणारा आणि येणारा पैसा, गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत वाईट वर्षाच्या आकड्यांनी मांडलेला असेल.

ऋतूंवर दुसरा इलाज म्हणजे बँकेचा मुलूख मोठा करणे. मराठवाडा ग्रामीण बँक 1976 मध्ये नांदेडला सुरू झाली ती काही दुष्काळी जिल्ह्यांपुरती. 2009 मध्ये ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली आणि 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात मिळून साऱ्या राज्याची एकच ग्रामीण बँक झाली. कोकणातला आंबा-काजूचा पैसा ज्या दिवसांत येतो, त्या दिवसांत देगलूर-मुखेडच्या शाखांतून तो बाहेर जात असतो. एकाच ताळेबंदात हे दोन्ही आले की राखीव पैसा कमी लागतो आणि निधी स्वस्त पडतो. यात गावाला ओळखणारा अधिकारी हरवण्याचा धोका आहे, आणि तो लहान नाही. तरलतेच्या बाजूने पाहिले तर मात्र विलीनीकरण हा योग्य निर्णय आहे, असेच मी म्हणेन.

सहकारी बँकेचा सभासद असलेल्या वाचकाला एक काम सुचवतो. वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि अहवाल त्याआधी मागता येतो. त्यात लाभांशाच्या ओळीवर थांबू नका. सरकारी रोख्यांतली गुंतवणूक ठेवींच्या किती टक्के आहे, सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांचा आणि वीस कर्जदारांचा हिस्सा किती आहे, आणि मुदत ठेवीवर शेजारच्या राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा जास्त व्याज का द्यावे लागते, एवढे तीन प्रश्न सभेत उभे राहून विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.